माझगावचं चिनी देऊळ



हे भाषण आम्ही नवरा-बायकोनं मिळून लिहिलंय. पण वाचायला बाईच बसलीय, त्यामुळे मधूनमधून ‘हे म्हणाले’, ‘हे गप्प बसले’ असं येईल. सांभाळून घ्या. बोलायचं आहे ते आम्ही दोघांनी मुंबईत माझगावला काढलेल्या एका दिवसाबद्दल.

आम्ही गुहागर तालुक्यातले. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमचे बाबा, म्हणजे ह्यांचे वडील, गोदीत माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होते. एकतीस वर्षं ते माझगावात राहिले आणि आई गावात राहिली. वर्षातून दोन वेळा, गणपतीला आणि शिमग्याला, बाबा यायचे. बाकी वर्षभर यायची ती मनीऑर्डर.

आता आमचा मुलगा बोटीवर लागला. मालवाहू जहाज, त्यावरच्या स्वयंपाकघरात मदतनीस. नऊ महिन्यांचा करार. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. डिसेंबरात आम्ही दोघं त्याला सोडायला मुंबईला गेलो. सून म्हणाली होती, “मी पण येऊ का?” आम्ही म्हटलं, “अगं, गुरांचं कोण बघणार?” ती पुढं काही बोलली नाही. भाकऱ्या बांधून दिल्या, फाट्यापर्यंत सोडायला आली. हे लक्षात ठेवा, पुढं ह्याच गोष्टीवर यायचं आहे.

मुलगा न्हावाशेव्याला जहाजावर चढला. जहाज जाणार होतं चीनला, ग्वांगझू नावाच्या मोठ्या शहराच्या नानशा बंदरात. आमची परतीची एसटी दुसऱ्या दिवशी रात्रीची. मध्ये अख्खा दिवस मोकळा. आमची एक पुतणी मुंबईतच वाढली. शाळा-कॉलेजच्या मुलांना, पाहुण्यांना ती जुन्या मुंबईच्या भागातून फिरवून आणते, माहिती सांगते. ती म्हणाली, “काका-काकू, उद्याचा दिवस माझा. दादा गेलाय त्या गावाला तुम्हाला नेता येत नाही, पण त्या गावाकडची माणसं मुंबईत कुठं आली, कुठं राहिली, ते दाखवते. आजोबांच्या माझगावातच आहे सगळं.”

माझगावात आणि चीन? आम्हाला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

सकाळी आठला हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरलो. स्टेशनजवळच टेकडी आहे, तिच्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. पुतणीनं आधी तिथं चढवलं. मुंबई मुळात सात बेटांची, आणि माझगाव हे त्या सातांतलं एक बेट. ह्या टेकडीवर इंग्रजांचा किल्ला होता. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दीनं मुंबईवर चाल केली, तेव्हा तो पडला. जिथं तोफा होत्या तिथं आता आजोबा लोक योगासनं करतात, आणि बागेच्या पोटात शहराला पाणी देणारी टाकी आहे. बाग ज्यांच्या नावाची, ते काका बॅप्टिस्टा इथल्याच म्हातारपाखाडीचे. टिळकांचे वकील आणि स्नेही. १९१६ साली होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. म्हातारपाखाडीत अजून लाकडी जिन्यांची, कौलांची घरं आहेत. त्या गल्लीतून चालताना हे म्हणाले, “आपल्या वाडीतून चालल्यासारखं वाटतंय.”

बागेतून खाली गोदी दिसते. क्रेनच्या रांगा, उभ्या बोटी, पलीकडं खाडीचं राखाडी पाणी. माझगाव डॉकही त्यातच. तिथं अठराव्या शतकापासून जहाजांची कामं होतात. सरकारनं तो कारखाना १९६० साली ताब्यात घेतला, आणि आपल्या नौदलाची ‘निलगिरी’ ही युद्धनौका तिथंच बांधली गेली. हे बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. बाबांनी एकतीस वर्षं जिथं घाम गाळला ती जागा ह्यांनी अशी वरून कधीच बघितली नव्हती. लहानपणी दोन वेळा आले होते, तेव्हा बाबांच्या खोलीतून बाहेर फारसे पडलेच नव्हते.

बाबांची खोली म्हणजे गावकऱ्यांची खोली. आमच्या वाडीतल्या माणसांनी वर्गणी काढून भाड्यानं घेतलेली. एका खोलीत पंधरा-वीस जण. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. दिवसपाळीवाले निजायला आले की रातपाळीवाले उठायचे. जेवण खानावळीत. नवा मुलगा गावाहून आला की आधी तिथं उतरायचा. कोणी आजारी पडलं, कोणी वारलं, तरी खोलीतलेच बघायचे. कोपऱ्यात ग्रामदेवतेचा फोटो, त्याला रोज उदबत्ती. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या सासऱ्यांनी अशाच खोलीत दिवस काढले असतील. हे सगळं आम्ही पुतणीला सांगत होतो. ती म्हणाली, “काकू, हे अस्संच लक्षात ठेवा. आता आपण चिनी लोकांची गावकऱ्यांची खोली बघायला चाललोय.”

नवाब टँक रोडवर एक साधी इमारत आहे. पुतणीनं बोट दाखवलं नसतं तर आम्ही पुढं निघून गेलो असतो. दाराला लाल रंग, वर चिनी अक्षरं. १९१९ साली बांधलेलं हे मुंबईतलं चिनी देऊळ. बांधलं ‘सी यूप कून’ नावाच्या मंडळानं. ‘सी यूप’ म्हणजे चार तालुके. ग्वांगझूच्या खालच्या अंगाला, मोत्याच्या नदीच्या मुखाशी तैशान, काइपिंग, शिनहुई आणि एनपिंग असे चार तालुके आहेत. तिथल्या माणसांनी परक्या मुलखात आपल्या माणसांसाठी उभारलेलं घर ते हे. ‘चार तालुके ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असंच म्हणा ना.

ही माणसं इथं आली कशी? मुंबईहून ग्वांगझूला, तेव्हाच्या कँटनला, एकोणिसाव्या शतकात मोठा व्यापार चालायचा. जे. जे. हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे ते जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी कितीतरी वेळा चीनला जाऊन आले होते. इथून कापूस जायचा, आणि मैत्रिणींनो, अफूही जायची. आपल्या ह्या शहराच्या श्रीमंतीत तो पैसाही आहे, आणि त्या अफूनं तिकडची लाखो घरं बसली. पुतणीनं हेही सांगितलं, लपवलं नाही. त्या वाटेनं बोटी जात-येत राहिल्या आणि बोटींबरोबर चिनी खलाशी, सुतार मुंबईत आले. काही इथंच राहिले. पुढं कोणी चपला-बूट शिवायचे, कोणी दात बसवून द्यायचे, कोणी खाणावळ काढली, बायकांनी ब्यूटी पार्लर चालवली. माझगाव आणि कामाठीपुऱ्याच्या बाजूला त्यांची वस्ती होती. आपल्याकडं बाजाराच्या दिवशी गाडीवर मंचुरियन मिळतं ना, ते चीनमध्ये कोणाला ठाऊक नाही. १९७५ च्या सुमाराला मुंबईतच नेल्सन वँग ह्या चिनी वंशाच्या आचाऱ्यानं ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात.

चपला काढून आत गेलो. उदबत्तीचा वास आपल्या देवळातल्यासारखाच, फक्त काड्या लांब. खालच्या मजल्यावर क्वान यिन देवी. अरुंद जिन्यानं वर गेलं की क्वान कुंग. हा लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा वीर. सुमारे १८०० वर्षांपूर्वी तो खरोखरीचा सेनापती होता. दिलेला शब्द मोडला नाही, मित्राशी इमान सोडलं नाही, म्हणून लोकांनी त्याला देव केला. आपल्याकडं वीराला देवपण येतं, तसंच. घरापासून लांब, अनोळखी माणसांत राहणाऱ्याला असा इमानाचा देव लागत असणार.

क्वान यिनची गोष्ट तर आम्हाला माहेरची निघाली. ही करुणेची देवी. हाक मारली की ऐकते, असा तिचा लौकिक. पण मूळची ती देवी नव्हतीच. आपल्या देशातल्या बौद्ध धर्मातला अवलोकितेश्वर तो. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत त्याची अकरा तोंडांची मूर्ती आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ डोंगरात लेणी आहेत, तिथं सातव्या लेण्यात तो मधोमध उभा आणि बाजूला माणसांवर येणारी संकटं कोरलेली आहेत. आग, सिंह, साप, चोर आणि बुडणारं जहाज. संकटात सापडलेली माणसं त्याच्याकडं हात जोडून बघतायत. हा अवलोकितेश्वर व्यापाऱ्यांबरोबर, भिक्षूंबरोबर चीनला गेला. तिथं शेकडो वर्षांत त्याचं रूप बाईचं झालं. आणि मग खलाशांबरोबर समुद्रावरून ती परत आली, माझगावला. सासरी गेलेली मुलगी इतक्या वर्षांनी दारात उभी राहावी आणि आपण तिला ओळखू नये, तसं आम्हाला झालं. मुलाचं जहाज त्या वेळी समुद्रात होतं. आम्ही दोघांनी हात जोडले. काय म्हटलं ते सांगायला नकोच.

वर एका डब्यात बांबूच्या काड्या असतात. मनात प्रश्न धरून डबा हलवायचा, एक काडी बाहेर पडते, तिच्यावर आकडा असतो, त्या आकड्याचा कागद घेऊन उत्तर वाचायचं. हे लगेच म्हणाले, “म्हणजे कौल लावतात!” अगदी कौलच. पुतणी म्हणाली, “काका, विचारा काहीतरी.” ह्यांनी डबा हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. आम्ही कौल घेतला नाही. का, ते आम्हाला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं.

तेवढ्यात एक म्हातारीशी बाई जिना चढून आली. चेहरा चिनी, नेसणं पंजाबी ड्रेस, हातात प्लास्टिकच्या पिशवीत संत्री. संत्री देवापुढं ठेवली, उदबत्त्या लावल्या, वाकून नमस्कार केला. मग आमच्याकडं वळून चक्क मराठीत म्हणाली, “कुठून आलात?” जन्म मुंबईचा, शाळा मुंबईची. तिचं मराठी आमच्या मुंबईकर नातवंडांपेक्षा बरं होतं. खाली पायरीवर आम्ही चौघं बसलो. तिनं एक संत्रं सोलून आम्हाला दिलं.

तिचे आजोबा त्या चार तालुक्यांतलेच. जहाजावरचे सुतार. ह्या देवळाच्या वरगणीत त्यांचेही चार पैसे होते. येताना मुलाला, म्हणजे तिच्या वडिलांना, घेऊन आले. आजी तिकडंच राहिली. घर, शेत, म्हातारे सासू-सासरे. कोणीतरी राहायलाच हवं होतं. आजोबा पैसे पाठवायचे, पैशाबरोबर पत्र. आजीला वाचता येत नसे, गावातला कोणी वाचून दाखवायचा. “दरवर्षी लिहायचे, पुढच्या वर्षी येतो,” ती म्हणाली. “आले नाहीत. इथंच गेले. अँटॉप हिलला आमच्या दफनभूमीत आहेत.”

मग आलं १९६२ साल. चीननं हल्ला केला. लढाई महिनाभर चालली, पण इथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी माणसांचं आयुष्य त्या महिन्यानंतर बदललं. देशभरातून सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना, बायका-मुलांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काहींना तिथं कित्येक वर्षं काढावी लागली. मुंबईतूनही पुष्कळ कुटुंबं निघून गेली. ह्या बाईच्या वडिलांना पोलिसांत हजेरी द्यावी लागायची. शाळेतल्या मुली तिच्याशी बोलेनात. “पण शेजारची मालवणची बाई आमच्याकडं रोज यायची,” ती म्हणाली. “घावणे आणायची. लोकं काय म्हणतील, असं आईनं विचारलं, तर म्हणाली, माझा नवरा पण परमुलखातच आहे की.” आणि त्याच सुमारास आजीची पत्रं बंद झाली. आजी कधी वारली, ते ह्यांना कळलंच नाही. “मी आजीला बघितलं नाही, फोटोतसुद्धा नाही. आणि तिनं मुंबई बघितली नाही. आजोबा कुठं राहतात, कुठं झोपतात, कुठल्या देवाला नमस्कार करतात, काही नाही.”

आम्ही दोघं गप्प. संत्र्याच्या फोडी हातातच राहिल्या.

पुतणीनं मग थोडं पुढचं सांगितलं. त्या चार तालुक्यांतून माणसं नुसती मुंबईलाच नाही, जगभर गेली. अमेरिकेत रेल्वे बांधायला, सोन्याच्या खाणींत, मलायात, ऑस्ट्रेलियात. बायका गावी राहिल्या. नवरा परदेशातून येऊ शकला नाही तर नवरदेवाच्या जागी कोंबडा ठेवून लग्न लावल्याच्याही नोंदी आहेत. परदेशातून आलेल्या पैशातून काइपिंगमध्ये बुरुजासारखी उंच घरं बांधली गेली. ती आता युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. पैशाबरोबर आलेली जुनी पत्रं जमवून त्यांचाही युनेस्कोनं २०१३ साली जागतिक ठेवा म्हणून मान केला. ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर आपलं कोकण होतं. गावात चाकरमान्याच्या पैशातून उभं राहिलेलं चिऱ्याचं घर, आणि पडवीत एकटी बसलेली म्हातारी.

आमची आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिची पत्र्याची ट्रंक उघडली तर लुगड्यांच्या खाली मनीऑर्डरची कुपनं. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची, आठवतं? ते तुकडे तिनं वर्षावार दोऱ्यानं बांधून ठेवले होते. ‘खुशाल आहे. पैसे मिळाल्याचे कळव.’ ‘पावसाचे कसे.’ ‘गणपतीला येतो.’ आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा, ती ऐकायची आणि ठेवून द्यायची. एकतीस वर्षांत ती एकदाही माझगावला आली नाही. एकदा बाबांना म्हणाली होती, “माझगाव कसं दिसतं हो?” बाबा म्हणाले, “काय दिसायचंय? धूर.” बाबा वाईट नव्हते. मुंबईत बायकोला आणून ठेवायचं कुठं, वीस जणांच्या खोलीत? हे सगळं खरं. पण एका दिवसासाठीसुद्धा कोणाला सुचलं नाही. तिलाही मागावंसं वाटलं नाही. गुरं होती ना.

आणि लावणी कोणी केली? आईनं. सोसायटीचं कर्ज फेडलं कोणी? आईनं. नांगराचा बैल मेला तेव्हा दुसरा आणला तिनंच. पण सातबाऱ्यावर नाव बाबांचं, घराच्या नोंदीवर नाव बाबांचं. बाबा गेल्यावर वारस म्हणून नाव लागायला तिला दोन वर्षं खेटे घालावे लागले. प्रत्येक वेळी एक कागद कमी. ज्या जमिनीत तिचे हात रोज असायचे त्या जमिनीची ती मालक आहे हे तिला कागदानं सिद्ध करावं लागलं.

त्या पायरीवर बसल्या बसल्या आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट आली. ती आधी ह्यांनी बोलून दाखवली. “सुनेला आणायला हवं होतं.”

आम्ही तीच चूक करून आलो होतो. त्याच शब्दांत. “गुरांचं कोण बघणार?” शेजारी दोन दिवस बघणार नव्हते का? बघितली असती. आम्हाला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. घरातली बाई मागं राहते, हे आपण इतकं गृहीत धरतो की ती मागं राहिली, हे दिसतसुद्धा नाही. कौल का घेतला नाही, ते आता सांगता येतं. ज्याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे ते देवाला काय विचारायचं?

त्या बाईचा निरोप घेतला. जाताना म्हणाली, “मुलगा ग्वांगझूला उतरला तर सांगा, माझ्याकडून नमस्कार. मी गेले नाही कधी.”

दुपारी जेवण झाल्यावर हसनाबादवरून गेलो. पहिल्या आगाखानांची ती कबर. पांढरी, घुमटाची, मोठी देखणी. आणि शेवटी भाऊच्या धक्क्यावर. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोक त्यांना भाऊ म्हणायचे. बोटीत चढता-उतरताना उतारूंचे हाल बघून त्यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला, आणि त्यांचं नाव कोकणात घराघरांत गेलं. बाबा पहिल्यांदा मुंबईला आले ते बोटीनंच. दाभोळला पडावातून बोटीत चढायचं आणि मुंबईत उतरायचं. ह्याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर कित्येक वर्षं कोकणातल्या बाया पावसाळ्यात बोटीचं नाव काढलं की देवापुढं दिवा लावायच्या. आता कोकण रेल्वे आहे, आणि धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट माणसं नेणारी मोठी बोट सुटते. मासळीचा बाजार उठला होता. फरशी धुऊन काढत होते.

पाण्याकडं बघत पुतणीनं शेवटची गोष्ट सांगितली. मुंबईच्या बंदरातूनच १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. त्यांच्यात आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. तिकडं जपानशी लढाई चाललेली. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ते तिथंच राहिले. गुओ चिंगलान नावाच्या परिचारिकेशी १९४१ साली लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. १९४२ च्या डिसेंबरात कोटणीस वारले, वय अवघं बत्तीस. तिकडं शिचियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे. पण आम्हाला आवडलं ते हे की गुओबाई पुढं भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. नवरा ज्या मुलखातून आला तो मुलूख त्यांनी डोळ्यांनी बघितला.

रात्रीच्या एसटीत आम्हाला झोप लागली नाही. घरी आल्यावर सुनेला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “मला दाखवाल?”

आता आम्ही काय केलं ते सांगतो, आणि तुमच्या गटात ह्यावर बोलणं व्हावं अशी विनंती करतो.

एक. मुलाशी फोनवर बोललो. त्याचा पगार जमा होतो ते खाते दोघांच्या नावावर करायचं ठरलं. पैसे सासऱ्याच्या हातात आणि मग सुनेच्या हातात, असं नको. पासबुक तिच्याकडं.

दोन. ग्रामपंचायतीत जाऊन घराच्या नोंदीवर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याचा अर्ज केला. आमचंही, म्हणजे बाईचं, नाव इतक्या वर्षांत नव्हतं. तुम्हीही आपापल्या ग्रामपंचायतीत विचारा. जमिनीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्यासाठी आपल्या सरकारची लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तिचं तलाठ्याकडं विचारा. माणूस जिवंत असताना, खुशीनं, हे काम सोपं. नंतर किती जड जातं ते आमच्या आईनं सोसलंय.

तीन. जो माणूस लांब राहतो त्याची जागा घरातल्या बाईला दाखवायची. मुंबई असो, पुणे असो, सुरत असो. तो कुठं राहतो, कुठं जेवतो, आजारी पडला तर कोणाला फोन करायचा, हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं असावं. गटातल्या चौघी-पाच जणी मिळून गेलात तर एकमेकींची गुरंही बघता येतील, पाळीपाळीनं. माझगावला गेलात तर चिनी देवळातही जा. साधं, लहान देऊळ आहे. चपला बाहेर काढा, मोठ्यानं बोलू नका, फोटो काढायचा तर आधी विचारा. कोणी पूजा करत असेल तर बाजूला उभ्या राहा. आणि कोणी तुम्हाला मराठीत ‘कुठून आलात’ विचारलं तर दचकू नका.

मुलाचं जहाज नानशाला लागलं तेव्हा त्याला दोन तास बाहेर जायला मिळालं. त्यानं फोटो पाठवला. रस्त्याकडेला लहानसं देऊळ, लाल कंदील, आणि आत लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा देव. त्यानं लिहिलं होतं, ‘हा कोण ते माहीत नाही.’ सुनेनं त्याला उत्तर पाठवलं, ‘क्वान कुंग. शब्द पाळणारा. माझगावला पण आहे.’

त्याचा करार ऑगस्टात संपतो. त्याला आणायला सून जाणार आहे, पुतणीकडं दोन दिवस राहणार आहे. तिचं तिकीट काढून झालं. आम्ही दोघं घरी थांबणार. गुरांचं आम्ही बघू.